कुंकवाच्या ठिपक्यावरचं बटण

ज्याला स्वतःचा आवाज फार आवडतो अशा माणसाला माइकपुढं बसवू नये, असं माझं जुनं मत आहे. पण रेडिओ चालतो तो अशाच माणसांवर, त्याला इलाज नाही. मी उभी हयात मिडियम वेव्हच्या ट्रान्समीटरवर तंत्रज्ञ म्हणून काढली. बीड जिल्ह्यातल्या एका उघड्याबोडक्या माळावर आमचा मनोरा होता. स्टुडिओ खाली गावात, आम्ही वर माळावर, आणि मधे टेलिफोनची तार. गावातले शहाणे लोक स्टुडिओत बसून बोलायचे, ते बोलणं तारेवरून आमच्याकडं यायचं आणि आम्ही ते मनोऱ्यावरून जिल्हाभर सोडायचो. थोडक्यात, शहाणपण त्यांचं आणि हमाली आमची.

तार आमच्या खोलीत जिथं शिरायची तिथं एक पेटी बसवलेली होती. राखी रंगाची, ट्रंकेएवढी, वरच्या जाळीतून आतले काचेचे, दिव्यासारखे व्हॉल्व्ह लालसर दिसायचे. थंडीत आम्ही तिच्यावर हात शेकायचो. तिचं नाव लिमिटर. ज्याचा आवाज चढला त्याला दाबायचं आणि ज्याचा आवाज दबला त्याला वर काढायचं, एवढंच तिचं काम. अख्ख्या जिल्ह्यात हे काम करणारी दुसरी वस्तू माझ्या बघण्यात नाही, आणि माणूस तर नाहीच नाही.

पेटी काही हौसेनं बसवलेली नव्हती. ट्रान्समीटरला ठरावीक मापापर्यंतच आवाज झेपतो. त्याच्या वर गेला की आवाज फाटतो, आणि फारच वर गेला तर ट्रान्समीटर स्वतःला वाचवायला धाडकन बंद पडतो. तीनदा तो आपला आपण उठतो. चौथ्यांदा उठत नाही. मग माणसानं जवळ जाऊन दोन-तीन मिनिटं त्याची मनधरणी करावी लागते. पेटी यायच्या आधी हा सगळा कारभार एका माणसाच्या अंगठ्यावर चालायचा. मला काम शिकवणारे म्हातारे तंत्रज्ञ मीटरच्या काट्यावर डोळा आणि बटणावर अंगठा ठेवून तासन्‌तास बसलेले होते. भजनी मंडळ आलं की टाळ वाजायच्या आधीच त्यांचा अंगठा फिरलेला असायचा. 'कसं कळतं हो तुम्हाला?' असं विचारलं तर म्हणायचे, 'बुवानं छाती फुगवली की समजायचं, आता हा बोंबलणार.' स्टुडिओ दूर, बुवा दिसायचा नाही, पण त्यांना तारेवर त्याचा श्वास ऐकू यायचा. पुढं माझ्या नोकरीच्या उतरणीला ट्रान्झिस्टरची पेटी आली, मग परदेशी बनावटीची आली. ती आवाजाचे पाच तुकडे करायची, पाचांना वेगवेगळं चोपायची आणि पुन्हा जोडून द्यायची. ऐकणाऱ्याला वाटावं, सगळेच आपल्या अंगावर धावून येताहेत. साहेबलोकांना तिचं भारी कौतुक. म्हाताऱ्यांच्या अंगठ्याला जी अक्कल होती ती त्या पेटीला नव्हती, आणि ज्यांनी ती मागवली त्यांनाही नव्हती. पण मी सांगतोय ती हकीकत व्हॉल्व्हच्या पेटीची.

तिच्यावर दोन बटणं होती. एक, आवाज किती आत घ्यायचा त्याचं. दुसरं, दाबलेला हात किती लवकर उचलायचा त्याचं. म्हणजे असं बघा, एखादा ओरडला, पेटीनं त्याला दाबलं. आता तो गप्प बसला आणि त्याच्यामागून कुणी हळू बोलायला लागलं. पेटीनं हात चटकन उचलला तर हळू बोलणारा ऐकू येतो. सावकाश उचलला तर ओरडला दुसराच, आणि दडपण मात्र या बिचाऱ्यावर. हे बटण कुठं ठेवायचं याचं शास्त्र आहे, त्यावर जाडजूड पुस्तकं आहेत. आमच्या केंद्रात ते खंडेनवमीला ठरलं.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा. आमच्या केंद्राचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणायचे, ते वर्षातून त्या एकाच दिवशी माळावर उगवायचे. ट्रान्समीटरला झेंडूचा हार, पेटीला हळद, आणि त्या दुसऱ्या बटणाच्या बरोबर माथ्यावर कुंकवाचा ठिपका. एका वर्षी त्यांनी पेटीच्या कडेवर नारळ फोडला. पाणी जाळीतून आत गेलं, दोन व्हॉल्व्ह तडतडले आणि विझले. साहेब म्हणाले, 'शुभ असतं.' मी बौद्ध घरातला, हात मागं बांधून लांब उभा राहायचो आणि शेवटी पेढा तेवढा घ्यायचो. तर तो ठिपका वाळून पक्का झाला. पुढं वरून कुणी तपासनीस आले, त्यांनी विचारलं, 'हे बटण कुठं ठेवता?' साहेबांनी ठिपक्याकडं बोट दाखवलं. तपासनिसांनी वहीत लिहिलं: ठिपका वर असावा. झालं! त्या दिवसापासून तो सरकारी नियम झाला. ठिपका वर म्हणजे हात सगळ्यात सावकाश उचलणार. का, ते साहेबांना माहीत नव्हतं, तपासनिसांनाही नव्हतं. मला माहीत होतं, पण मला कोण विचारतो?

आता माझी अक्का. माझी थोरली बहीण, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आई कामाला गेली की हिच्याच कडेवर मी वाढलो. उमापूरच्या पल्याड एका खेड्यात तिला दिलेली. तिचा आवाज लहानपणापासून खालचा. आधी दोनदा घसा साफ करायची, मग बोलायची, आणि बोलली की समोरच्याला मान पुढं काढावी लागायची. आमच्या वस्तीतल्या बायांनी गावात तोंड वर करून बोलायचं नाही अशी रीत होती म्हणून तसं झालं, की तिचा गळाच मुळात तसा होता, मला सांगता येत नाही. मी तिला जन्मभर एकच सांगत आलो, 'अगं, मोठ्यानं बोल की!'

त्या वर्षी दुष्काळाचं दुसरं साल होतं. त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी अक्का माझ्या क्वार्टरवर दोन दिवस राहून गेली. आमच्याकडं नळाला एक दिवसाआड पाणी यायचं. ती नळाखाली नुसता हात धरून बसायची. मला हसू यायचं. संध्याकाळी मी घरीही रेडिओ लावून बसायचो, आमचं प्रसारण घरातल्या सेटवर कसं लागतंय ते बघायला. ती स्टोव्हपाशी बसून गावाकडचं काहीबाही सांगत राहायची. मी 'बरं, बरं' म्हणायचो. मग ती तिची पिशवी घेऊन एसटीनं परत गेली.

ऊस नव्हता, त्यामुळं त्या भागातला सहकारी कारखाना थंड पडला होता. दरवर्षी कोयता घेऊन जाणारी माणसं त्या साली लवकरच लांबच्या जिल्ह्यांत निघून गेली होती. मागं राहिलेली रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होती. कारखान्याच्या मोकळ्या जागेवर जनावरांची छावणी होती, आणि गावोगाव पाणी पुरवायला कारखान्याचेच टँकर होते. टँकरवर चेअरमनचं नाव इतक्या मोठ्या अक्षरांत रंगवलेलं, की लांबून बघणाऱ्याला वाटावं टाकीत पाणी नाही, चेअरमनच भरलाय.

या चेअरमनचं काय सांगावं! समोरचा माणूस हातभर अंतरावर असला तरी दोन कोसांवर आहे असं समजून बोलायचा. सत्काराला उभा राहिला की माइक मुठीत आवळून तोंडाला लावायचा, जणू चावून खाणार आहे. कर्ण्यातून कर्कश शिट्टी निघाली की खूश. लोकही असे दीडशहाणे, की म्हणायचे, 'काय आवाज हाय साहेबाचा! खणखणीत!' अहो, आवाज कसला, भोंगा! कारखान्याचा भोंगा बंद पडला होता, त्याची जागा यानं भरून काढली होती.

दुष्काळात कारखान्यानं किती काम केलं ते जगाला कळावं म्हणून त्यानं आमच्या साहेबांना फोन केला. साहेबांनी कार्यक्रम अधिकाऱ्याला पिटाळलं. हा अधिकारी म्हणजे खिशाला दोन पेनं, गळ्यात टेपरेकॉर्डर आणि प्रत्येक वाक्यावर 'छान, छान'. कारखान्याच्याच जीपमधून हिंडला, कारखान्याचंच जेवला आणि चार गावांतलं ध्वनिमुद्रण घेऊन परतला. टेप कापायची त्याची एक पद्धत होती. तो ऐकत नसे, मीटरचा काटा बघत असे. काटा जरासा हलला तरी कुणीतरी बोलतंय, ते ठेवायचं; काटा पडला म्हणजे शांतता, ती कापायची. साहेब त्याच्याही वरचे. त्यांच्या घरी रेडिओच नव्हता. 'दिवसभर रेडिओच तर करतो, घरी कशाला?' असं म्हणायचे आणि आपल्याच विनोदावर हसायचे. स्टुडिओतल्या खोलीत जो आवाज ऐकू येई तो पेटीत शिरायच्या आधीचा. पेटीतून बाहेर काय पडतं, ते जिल्हा ऐकायचा आणि माळावर मी ऐकायचो. त्यांनी ते कधी ऐकलं नाही, आणि ऐकावं असं त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

बाजारभाव झाले आणि कार्यक्रम सुरू झाला. मी एकटाच होतो, डबा उघडून बसलेलो. पहिल्यांदा बासरी, मग अधिकाऱ्याचा गोडवा, मग एका गावचा सरपंच. 'चेअरमन साहेबाच्या किरपेनं पान्याला काय बी तोटा न्हाई!' काटा धाडकन आडवा. पेटीनं दाबला. दुसरा उठला, 'आमचा चेअरमन म्हंजी देवमानूस हाय!' तोही दाबला. गावाचं नाव ऐकून मी भाकरी हातात तशीच धरली. ते अक्काचं गाव होतं.

'आता एका भगिनीला विचारू या,' अधिकारी म्हणाला. 'बाई, तुम्ही काय काम करता?'

कुणीतरी दोनदा घसा साफ केला. मी ताडकन उठलो. ती खाकर मी हजारांत ओळखली असती. नंतर आलं ते नुसतं पुटपुटणं, विहिरीच्या तळातून यावं तसं. पेटीचा हात अजून त्या दोघांवरून उचलला गेला नव्हता, आणि त्याखाली माझी बहीण बोलत होती. माझ्या घराण्यातलं पहिलं माणूस रेडिओवर बोलतंय, आणि माझ्याच ट्रान्समीटरवरून ते ऐकू येऊ नये? मला असा काही संताप आला, की मी तो कुंकवाचा ठिपका धरला आणि बटण पार खाली फिरवलं. आवाज आत घ्यायचं पहिलं बटणही एक घर पुढं सरकवलं.

'आणि बाई, पाण्याची काय व्यवस्था?'

आता अक्का खोलीत येऊन बसल्यासारखी बोलायला लागली. मागं जीपचं इंजिन, कोंबड्या, कुणाचा तरी खोकला, सगळं वर आलं, पण त्या सगळ्याच्या पुढं ती.

'टँकर येतो. रोजच्याला येतो. पर आमच्या वस्तीत येत न्हाई. रस्त्याला चेअरमन साहेबाची रोपवाटिका हाय, तितं निम्मा रिकामा हुतो. ऱ्हायलेला गावात. आमी नदीत झिरा खांदतो, वाटीवाटीनं भरतो. परवा माजी सून हंडा घिऊन पडली. सातवा महिना हाय तिला. दुसऱ्यांदा पडली तर काय करायचं आमी?'

'छान, छान!' अधिकारी म्हणाला. 'फारच छान!' आणि बासरी.

सून पडली? टँकर येत नाही? मी त्या पेटीकडं बघत उभा राहिलो, डब्यावर माश्या बसल्या.

छावणीवर त्या वेळी काय झालं, ते तिथं चारा वाटणाऱ्या एकानं मला पुढं सांगितलं. चेअरमननं चार कर्णे बांधून रेडिओ लावला होता. स्वतः बाजेवर बसलेला, भोवती चमचे, पलीकडं खडीवरून परतणाऱ्या बाया थांबलेल्या. दोन्ही स्तुतिपाठकांना तो मान डोलवत होता. मग चारही कर्ण्यांतून अक्का. सरपंचाएवढीच मोठी, तसूभर कमी नाही. रोपवाटिका शब्द आला तेव्हा चमच्यांनी बुटांकडं बघायला सुरुवात केली. 'छान, छान' आलं आणि बायांमधून कुणीतरी फिस्सकन हसलं. एक हसली म्हणून दुसरी, दुसरी म्हणून सगळ्या. चेअरमनच्या नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या त्या कर्ण्याशिवायही जिल्हाभर ऐकू आल्या असतील.

दुसऱ्या दिवशी टँकर वस्तीत गेला. बरोबर फोटोग्राफर. आणि माझ्याकडं आली चौकशी.

साहेब वर्षात दुसऱ्यांदा माळावर आले, या वेळी नारळ न घेता. आधी त्यांनी खाली स्टुडिओत टेप लावून ऐकली होती. त्यात काहीच ऐकू येत नव्हतं, नुसतं हूं हूं. त्यांनी कागदावर लिहूनही टाकलं होतं, आक्षेपार्ह काही आढळले नाही. पण चेअरमन फोनवर किंचाळत होता, 'मी माझ्या कानानं ऐकलं!' एका बाजूला टेप, दुसऱ्या बाजूला चेअरमनचे कान. साहेबांची पाचावर धारण बसली. मग ते पेटीपाशी आले आणि ठिपका बघून दचकलेच.

'हा खाली कसा आला?'

मी खरं सांगायला हवं होतं. धीर झाला नाही. नोकरी होती, पोरं शिकत होती. 'उन्हाळ्यानं, साहेब,' मी म्हणालो. 'व्हॉल्व्ह तापले की बटण सैल होतं, आपोआप घसरतं.'

हे ऐकून एखादा शाळकरी पोरगाही हसला असता. साहेबांनी ते लिहून घेतलं. उष्णतेने ठिपका घसरला. खाली सही केली. त्या कागदाची नक्कल मी बरीच वर्षं जपून ठेवली होती, मन फार उदास झालं की काढून वाचायचो.

पण चेअरमनचं समाधान झालं नाही. कुणीतरी त्याला समजावून सांगितलं होतं, की माळावर एक पेटी आहे, ती मोठ्यांना दाबते आणि बारक्यांना चढवते. त्याला तो राजकीय कट वाटला. 'काढून टाका ती पेटी,' तो म्हणाला. 'मी खुलासा करणार, स्वतः स्टुडिओत येऊन करणार, आणि माझा आवाज जसा हाय तसा गेला पाहिजे!' साहेबांनी मला फोन केला, तार थेट ट्रान्समीटरला जोडा. मी म्हणालो, 'साहेब, पेटीशिवाय त्यांचा आवाज ट्रान्समीटरला झेपायचा नाही.' तर म्हणाले, 'तुम्ही माननीय चेअरमनच्या आवाजावर टीका करताय का?' मी आक्षेप नोंदवहीत लिहिला, वेळ टाकली आणि तार जोडली. या वेळी मी कशालाही हात लावला नव्हता, हे मी आजही कुणाच्याही पुढं शपथेवर सांगायला तयार आहे.

'माझ्या मायबाप शेतकरी बंधूंनो' यातल्या मायबापला ट्रान्समीटर कोसळला. उठला. 'पाण्याच्या' म्हणताच पुन्हा कोसळला. उठला. 'मी' ला कोसळला. उठला. पुन्हा 'मी' ला कोसळला. चौथ्यांदा उठलाच नाही. मी जाऊन त्याची समजूत काढली, तापू दिलं, चढवलं, तर पुन्हा 'मी'. पंधरा मिनिटांच्या खुलाशात जिल्ह्याला माय, पाण्या, मी, मी, मी, एवढंच मिळालं. मधे एकदा बोलून बोलून त्याच्या घशाला कोरड पडली. तो थांबला, आणि तेवढ्यात ट्रान्समीटर वर आलेला होता. त्यानं पेला उचलला. घटघट, घटघट, घटघट. ते अगदी स्पष्ट गेलं, एक घोट वाया गेला नाही. दुष्काळी जिल्ह्यानं संध्याकाळी आपापल्या दारात बसून चेअरमनचं पाणी पिणं ऐकलं. मी एकटाच खुर्चीवर हसून हसून वाकडा झालो. इतकं सुख मला त्या नोकरीत आधी कधी झालं नव्हतं, नंतरही नाही.

महिन्याच्या आत माझी बदली झाली, तीही कोकणात, जिथं पाऊस थांबता थांबत नाही. पेटी परत जागेवर बसवली गेली, ठिपका वर. साहेबांनी निरोपाच्या वेळी मला हार घातला आणि म्हणाले, 'प्रशासकीय कारण आहे हो.' मला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही. मी छाती काढून चाललो होतो. का नाही चालणार? मी माझ्या बहिणीच्या दारात पाणी नेलं होतं. बटण मी फिरवलं, बदली मी भोगली. मनातल्या मनात मी त्या हकीकतीतून माझी भाकरी, माझी भीती आणि ते उन्हाळ्याचं कारण हळूहळू गाळून टाकलं होतं. उरला होता तो एक निधड्या छातीचा माणूस, ज्याला सगळं आधीच ठाऊक होतं.

बदलीवर जायच्या आधी मी अक्काला भेटायला गेलो. बरोबर पावशेर पेढे नेले. वस्तीत शिरलो तर आडापाशी टँकर उभा, नळी आत सोडलेली, बायांची हंड्यांची रांग. लिंबाखाली बाजेवर अक्काची सून बसली होती, पोटावर हात ठेवून, धडधाकट. मला बघून उठायला लागली, मी म्हटलं, बस, बस. माझा ऊर भरून आला. आणि ऊर भरून आला की माझा आवाज चढतो. मी तिथंच उभा राहून सगळी हकीकत सांगितली. ठिपका, साहेब, घटघट. बाया खदखदून हसल्या. मग मी टँकरकडं हात करून म्हणालो, 'बघा, एका बटणानं आणला का न्हाई!'

सून हसत म्हणाली, 'आणला खरं, मामा. पर मधी बंद केलता की त्यांनी.'

'बंद?'

'त्या चेअरमनचं रेडिओवर हसं झालं, तवापून. दोन दिस आलाच न्हाई. मग आत्याबाई जाऊन रस्त्यात बसल्या, टँकरच्या म्होरं. डायवर म्हनला, काहून बसलीस म्हातारे, ऊठ. ह्या काय बोलल्याच न्हाईत. बसल्या त्या बसल्याच. मग आमी समद्या जाऊन बसलो. तवापून येतो रोज.'

मला हे ठाऊक नव्हतं. पण फुशारकी एकदा सुटली की आवरत नाही. 'असू दे, असू दे,' मी म्हणालो, 'तरी पण सुरुवात कुणी केली? रेडिओवर तुझा आवाज काढला कुणी, अक्का?'

अक्का आडापाशी वाकून हंडा भरत होती. तिनं दोनदा घसा साफ केला आणि काहीतरी म्हणाली. टँकरचं इंजिन चालू होतं.

'काय? अगं, मोठ्यानं बोल की!'

तिनं आवाज वाढवला नाही. हंडा भरायचं थांबवलंही नाही. मीच दोन पावलं पुढं गेलो, वाकलो आणि कान तिच्या तोंडापाशी नेला. अख्ख्या जन्मात मी हे कधी केलं नव्हतं, हे मला तिथं वाकल्यावर समजलं.

'ह्येच सांगाया मी आलते तुज्या घरी,' ती म्हणाली. 'दोन दिस ऱ्हायले. टँकरचं सांगितलं, रोपवाटिकेचं सांगितलं. सुनंला सहावा लागला हुता, तिला तुज्याकडं ठिवून घी म्हनले बाळंतपनापातूर. तू बरं बरं म्हनलास, आन् उठून रेडिओ मोठा केलास.'

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मी भांडलो असतो, काहीतरी सबब सांगितली असती, सबबी मला चांगल्या सुचतात. मी तसाच वाकून उभा राहिलो. साहेब, अधिकारी, चेअरमन, सगळ्यांना आयुष्यभर नावं ठेवली. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की आजही हे लिहिताना कान तापतात.

मागं बाया अजून घटघटवर हसत होत्या. हंडा काठोकाठ भरला होता. तिच्या डोक्यावर चढवायला मी हात पुढं केले, तोवर तिनं तो आपला आपणच उचलून घेतला होता.